दाट केस, कोणता कट? निवड-पत्रकाच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम: कात्री हातात घेण्याआधी भरून घ्यायचे एक पानी पत्रक, फक्त दाट केसांसाठी. विरळ केसांचे पत्रक आपल्याकडे आधीपासून आहे, पण त्यातले प्रश्न इथे चालत नाहीत. तिथे सगळी धडपड केस जास्त दिसावेत म्हणून असते. इथे केस मुबलक आहेत, ते कुठे बसवायचे एवढाच प्रश्न.

खुर्चीत बसल्यावर पहिले वाक्य ठरलेले: "माझे केस फार आहेत हो, जरा हलके करून द्या." हे ऐकून लगेच कामाला लागायचे नाही, त्यासाठी हा खटाटोप. "फार" म्हणजे काय ते आधी वेगळे करायला हवे. डोक्यावर केसांची संख्या जास्त असणे निराळे आणि एकेक केस जाड असणे निराळे. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, कुणाचे ८० हजार तर कुणाचे दीड लाख. एका केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकीचा केस दुसरीच्या दुप्पट जाड असू शकतो.

दाट पण बारीक केस सकाळी भरघोस दिसतात, संध्याकाळी मुळाशी बसतात आणि गुंता फार होतो. दाट आणि जाड केस कुणाचे ऐकत नाहीत, वळवाल तिकडून परत फिरतात. संख्येने बेताचे पण जाड केस हाताला भरपूर लागतात. तिथे अजून हलके केले तर टाळू दिसू लागते. तिघींचीही तक्रार एकाच शब्दांत येते, कट मात्र तीन वेगळे द्यावे लागतात.

तपासणी पत्रकात अशी घातली: पोनी बांधून रबराच्या जागी टेपने घेर मोजायचा, १० सेंटीमीटरच्या पुढे गेला तर दाट. एक सुटा केस अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचा. बोटांना स्पष्ट जाणवला तर जाड, जाणवलाच नाही तर बारीक. भांग न पाडता, केस सहज पडलेले असताना टाळू दिसते का तेही बघायचे.

९ जानेवारी

प्रश्नांच्या क्रमावरून धाकट्या सहकारिणीशी बरीच वादावादी. ती म्हणाली, "ताई, आधी चेहरा बघायला नको का? गोल, लांबट, चौकोनी... सगळीकडे हेच शिकवतात." अगं, बघायचाच आहे, पण नंतर. पहिला प्रश्न: सकाळी केसांना किती मिनिटे देता? देऊ शकता असे विचारायचे नाही, देता असेच विचारायचे. "देऊ शकता" विचारले की सगळ्याच अर्धा तास सांगतात.

दाट लांब केस ड्रायरने मुळापर्यंत वाळवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. ज्या बाईकडे ५ मिनिटे आहेत तिला रोज गोल ब्रशने वळवावा लागणारा कट दिला, तर आठवड्याभरात ती तो क्लचरमध्ये कोंबून टाकणार. मग चेहऱ्याला शोभतो की नाही, याला काय अर्थ?

दुसरा प्रश्न, केस किती वेळा धुता आणि वाळायला किती वेळ लागतो. तिसरा, डोक्यावर आणखी काय असते: हेल्मेट, टोपी, हेडफोन, चष्म्याच्या काड्या, पोहायची कॅप. चौथा, पुन्हा कट करायला किती आठवड्यांनी येणार. चेहरा पाचवा.

विचार काही नवा नाही. १९६० च्या दशकात लंडनमध्ये विडाल ससून यांनी भूमितीसारखे कोनदार कट आणले ते याच हिशेबाने: आकार कटमध्येच हवा, रोजच्या सेटिंगमध्ये नको. धुतले, झटकले, निघाले. तोवर बायका आठवड्याला जाऊन रोलर लावून केस सेट करून घेत. सहकारिणीला हे पटले, पण चेहऱ्याचा रकाना मोठ्या अक्षरांत हवाच म्हणते. बघू.

१५ जानेवारी

दाट केसांच्या दोन डमी (सरावाची कृत्रिम डोकी) घेतल्या. पहिलीवर खांद्याएवढा एकाच लांबीचा कट, केस अजिबात न उचलता. ओले असताना झकास दिसला, खालची रेघ अगदी आखल्यासारखी. वाळल्यावर वर चपटे आणि खाली दोन्हीकडे पसरलेले, सरळ सरळ तंबू. कारण साधे आहे: सगळे केस एकाच जागी संपतात, म्हणून सगळा भार शेवटच्या चार बोटांत गोळा होतो, वर खांदा त्याला बाहेर ढकलतो.

दुसरीवर बाहेरची लांबी तीच ठेवली, पण आतले केस सेक्शनने डोक्यापासून ९० अंशांत उचलून कापले. उचलून कापले की वरचे आखूड होतात, खालचे लांब राहतात आणि भार पूर्ण उंचीभर वाटला जातो. ४५ अंशांत उचलले तर भार मधोमध कुठेतरी येतो, मागून फुगीर बॉब हवा असेल तेव्हाच ते चांगले. तंबू गेला. मात्र हौसेने एक लेअर गालाच्या हाडाएवढा आखूड घेतला होता, तो वाळल्यावर उठून बसला. जाड केसाला खाली राहायला स्वतःचे वजन लागते, आखूड झाला की ते वजनच जाते. पत्रकात नियम: जाड-दाट-सरळ केसांत सर्वांत आखूड लेअर हनुवटीच्या खालून सुरू.

आणखी एक. नेमकी खांद्याएवढी लांबी शक्यतो कुणालाच सुचवायची नाही. एकतर खांद्याच्या तीन-चार बोटे वर, नाहीतर गळ्याच्या हाडाच्या बऱ्यापैकी खाली.

२२ जानेवारी

पत्रक भरून घेतलेल्या पहिल्या बाई. सरळ, दाट, जाड, पोनीचा घेर १२ सेंटीमीटर. वर्षानुवर्षे कमरेपर्यंत केस आणि रोजचा एकच बुचडा. आता बॉब हवा. सकाळची मिनिटे? "दहा. त्यात दात घासणं धरून."

लांबी बरोबर हनुवटीला ठेवली तर केस सगळ्यात रुंद नेमके जबड्यापाशी होतात. म्हणून दोन बोटे खाली घेतली, मागून किंचित आखूड, पुढे येताना लांब. खरे काम मात्र मानेवर होते. एका कानामागच्या हाडापासून दुसऱ्या कानामागच्या हाडापर्यंत आडवा भांग पाडला, वरचे केस चिमट्यांनी वर बांधले. खाली राहिलेल्या पट्ट्यावर ट्रिमर, ६ मिलिमीटर. पट्टा तीन बोटे रुंद. त्याहून वर गेले तर केस बांधल्यावर कडा दिसते. मग चिमटे काढले. वरचे केस पडले आणि पट्टा पूर्ण झाकला गेला, पण आतापर्यंत मानेपासून लांब राहणारे केस मानेला टेकले. बाईंनी मागून हात घातला आणि दचकल्या. "अर्धं डोकं गेलं की काय माझं?" गेले फार तर पाचवा हिस्सा, पण तो अशा जागचा होता की वरच्या सगळ्यांना टेकू देत होता.

हे सांगायला सोपे आहे, म्हणून अट लिहून ठेवते. केस महिन्याला १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दोन महिन्यांत पट्ट्यातले केस तीन सेंटीमीटरपर्यंत येतात, ताठ उभे राहतात आणि वरच्यांना पुन्हा बाहेर रेटतात. चौथ्या प्रश्नाला "सहा-आठ आठवड्यांत येईन" असे उत्तर असेल तरच ट्रिमर. शिवाय पुढे कधी केस वाढवायचे मनात आले तर तो पट्टा बाकीच्यांच्या बरोबरीला यायला वर्ष उलटते, हेही आधी सांगायचे. बाई म्हणाल्या, येईन.

२४ जानेवारी

थिनिंगची कात्री. यावर पत्रकात अख्खा रकाना करावा की एक ओळ, ठरत नव्हते. आज ठरले, रकाना.

आज एक मुलगी आली. दुसरीकडे तीनेक महिन्यांपूर्वी "हलके" करून घेतलेले केस, आता पूर्वीपेक्षा जास्त फुगतात अशी तक्रार. भांगाच्या बाजूची एक बट घेतली, कंगव्याने आडवी ताणून खिडकीच्या उजेडासमोर धरली. लांब केसांच्या खाली, मुळापासून जेमतेम तीन-चार बोटांवर संपणारे केस, एकाआड एक, आणि सगळे ताठ. बट सोडली की ते आतून उठतात आणि वरच्या लांब केसांना उचलून धरतात. मुलीला आरशात दाखवले. "म्हणजे हे नवीन उगवलेले नाहीत?" नाहीत. कापलेले आहेत.

या कात्रीचे एक पाते साधे, दुसऱ्याला दात. दातांवर आलेले केस कापले जातात, फटीत शिरलेले वाचतात. दात रुंद आणि कमी असले की एका दाबात घास मोठा जातो. खुर्चीतून उठताना डोके खरेच हलके लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पुढच्या महिन्यातला फुगवटा आपल्याला दिसत नाही, म्हणून ही सवय टिकून आहे, असे माझे मत. बारीक केसांत हे खपून जाते, कारण आखूड झालेला बारीक केस मऊ असतो, लवतो. जाड केस लवत नाही.

रकान्यात लिहिले: भांगाजवळ नाही, कपाळाच्या आणि मानेच्या कडेला नाही, भोवऱ्यावर नाही, सगळ्यात वरच्या थरात नाही, कुरळ्यांत अजिबात नाही. चालेल ते फक्त लांबीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, तेही रेघ मऊ करण्यापुरते. त्याऐवजी साधी कात्री उभी धरून टोके कातरायची, आणि भार कमी करायचाच असेल तर आतल्या थरात लांब लेअर घ्यायचे. रेझर फक्त ओल्या केसांवर आणि नव्या पात्याने. कोरड्या जाड केसांवर रेझर ओढला की केसाचे वरचे आवरण खरवडले जाते आणि टोकांना फाटे फुटतात.

त्या मुलीला आज काही कापले नाही. ते आखूड केस लांब लेअरला येऊन मिळेपर्यंत थांबावे लागेल, तोवर भांग दुसऱ्या बाजूला आणि धुतल्यावर ओलसर असतानाच थोडे सिरम. नाराज होऊन गेली.

२ फेब्रुवारी

कुरळे आणि दाट. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केलेली १ ते ४ अशी वर्गवारी सगळ्यांना पाठ असते, सरळ ते अगदी घट्ट कुरळे. उपयोगी आहे, पण ती वळणापुरती. केस किती दाट ते त्या आकड्यावरून कळत नाही. आजच्या बाई ३ मधल्या, आणि दाट म्हणजे अगदी दाट.

ओली बट ताणून मोजली, २० सेंटीमीटर. वाळून वळल्यावर तीच १४. कानामागची मात्र १६ वर थांबली. एकाच डोक्यावर वळण वेगवेगळे, म्हणून ओल्यावर सरळ रेघ मारून काही साधत नाही. कोरडे असताना, एकेक वळण जिथे पडते तिथे बघून कापले. बाहेरून गोलाकार, लेअर कानाच्या खालून. सकाळची मिनिटे १५, त्यामुळे रोजचा ब्लो-ड्राय बादच.

धुतल्यावर काय करायचे यावर मात्र बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात वाळेल तो आकार पुढच्या ओलाव्यापर्यंत टिकतो. म्हणून वाळताना हात लावायचा नाही. कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता काढायचा, जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपायचे, रगडायचे नाही, मग डिफ्यूझर (हवा पसरवणारे ड्रायरचे तोंड) मंद आचेवर किंवा तसेच वाऱ्यावर. कोरड्या कुरळ्या केसांत ब्रश घातला की वळणे मोडून सगळे भुसभुशीत होते, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितले.

जाता जाता म्हणाल्या, कधी समारंभ असला तर स्ट्रेटनर वापरू ना? वापरा, पण केस पूर्ण कोरडे हवेत. ओलसर केसावर तापलेली पट्टी ठेवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या पोटात बुडबुडे होतात, तिथून तो तुटतो. तापमान १८० अंशांच्या पुढे नको.

९ फेब्रुवारी

कापायचेच नाहीत, अशांसाठी मागचे पान करावे लागणार. आजच्या बाई पोहणाऱ्या, केस कमरेखाली, टोके तेवढी यू कटमध्ये सारखी करायची. प्रश्न बांधण्याचा. पोनी बांधली की तासाभरात ती खाली घसरते, घट्ट बांधली की डोके दुखते.

दाट केसांचा सगळा भार एका रबरावर टाकला की हे होणारच. कानाच्या रेषेवर आडवा भांग पाडून दोन पोनी बांधल्या, वरची खालच्या रबरावर पडते, समोरून एकच दिसते. भार दोन जागी वाटला गेला. रोज एकाच जागी ओढून बांधल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होत जातात, आणि ताण वर्षानुवर्षे राहिला तर ते परत येतही नाहीत. त्यांच्या कानशिलांवर सुरुवात दिसत होती, म्हणून स्पष्ट बोलले.

अंबाड्याला पिना पंधरा खोचतात आणि तरी सुटतो, हे सगळ्यांचेच रडगाणे. पिना जास्त नकोत, जाड केसांना यू आकाराचे मोठे आकडे हवेत. अंबाड्याच्या कडेची थोडी बट आकड्यात धरायची, टोके बाहेरच्या दिशेला ठेवून डोक्याला टेकवायचा, मग उलटा फिरवून टाळूलगत आत सरकवायचा. वळवल्याशिवाय सरळ खोचला तर तो नुसता केसांत बसतो, धरत काहीच नाही. असे चार आकडे चार बाजूंनी लावले, बाईंनी डोके जोरात हलवून बघितले. हलला नाही. साधी बॉबी पिन लावायची तर नागमोडी बाजू टाळूकडे.

सागरवेणी दाट केसांना सगळ्यात जास्त मानवते, कारण भार कपाळापासून मानेपर्यंत थोडाथोडा उचलला जातो. तीनपेडी फार जाडजूड होत असेल तर पाचपेडी; ती चपटी आणि रुंद बसते. ओले केस मात्र बांधायचे नाहीत. ओला केस ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, त्या अवस्थेत घट्ट बांधला की तुटतो, आणि दाट केसांत आतला थर दिवसभर ओला राहून वास येतो तो वेगळाच. पोहून आल्यावर निदान टाळूपासून बोटभर केस तरी वाळवून मगच वेणी.

१३ फेब्रुवारी

चेहऱ्याचा रकाना, एकदाचा. कपाळ, गालाची हाडे, जबडा यांची रुंदी आणि कपाळ ते हनुवटी लांबी, चार मापे, टेपने. नियम एकच ठेवला: फुगवटा जिथे येईल तिथे चेहरा रुंद दिसतो. गोल चेहऱ्याला तो वर किंवा हनुवटीच्या खाली द्या, लांबट चेहऱ्याला गालांपाशी, चौकोनी जबड्याला जबड्याच्या वर किंवा खाली. बाकी तक्ते मी काढून टाकले. सहकारिणीचे तोंड उतरले.

फ्रिंजवर, म्हणजे कपाळावर सोडायच्या आखूड केसांवर, मात्र थांबावे लागले. दाट केसांची फ्रिंज बहुतेकदा बिघडते ती लांबीमुळे नाही, तर केस जास्त घेतल्यामुळे. भांगाच्या टोकापासून दोन्ही भुवयांच्या मध्यापर्यंत छोटा त्रिकोण पुरे. कानशिलापर्यंत गेले की कपाळावर पडदा बसतो आणि उकाड्यात घामाने चिकटतो. कोरडी असतानाच कापायची, भुवईच्या खाली ठेवून, कारण वाळली की वर जाते. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर सरळ फ्रिंज नकोच. दोन बाजूंना पडणाऱ्या, गालापर्यंतच्या लांब बटा घ्या. त्या कंटाळा आला तर कानामागे जातात.

१९ फेब्रुवारी

एक गृहस्थ. "बारीक करा, म्हणजे त्रास नको." दाट, जाड, डोक्यावर दोन भोवरे. वरून ३ सेंटीमीटरपर्यंत आखूड केले तर असे केस चहूबाजूंनी उभे राहतात, आणि त्याहून बारीक त्यांना नको होते. मग उलटे केले: बाजूला आणि मागे मशीनने फेड (खाली अगदी बारीक, वर जाताना हळूहळू लांब), वरचे ७ सेंटीमीटर ठेवले, भोवऱ्याच्या दिशेनेच पडू दिले. मिनिटे: दोन. पत्रक दहा मिनिटांत भरून, कट करून गेले.

२ मार्च

बॉबवाल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. कटच्या दिवशीचा फोटो बघायचा नाही, घरी स्वतः धुतल्यानंतरचा आणायचा, असे सगळ्यांनाच सांगितले होते. त्यांच्या फोटोत डावी बाजू आत वळलेली, उजवी बाहेर. कट तपासला, दोन्हीकडे लांबी सारखी. विचारल्यावर कळले, ड्रायर उजव्या हातात धरून खालून वर मारतात. जाड केसांचे वरचे आवरण मुळाकडून टोकाकडे खवल्यांसारखे बसलेले असते. हवा वरून खाली आली तर ते दबून राहते आणि केस चकाकतात, खालून मारली तर उचकटते. आधी डोके खाली करून फक्त मुळे वाळवायची, मग नळीला चपटे तोंड लावून वरून खाली. त्यांना ड्रायर हातात देऊन करून घेतले. सहा मिनिटे लागली.

पट्टा पुन्हा ६ मिलिमीटर.

१० मार्च

पत्रक अंतिम. पुढच्या पानावर तपासणी, चार प्रश्न, थिनिंगचा रकाना आणि ट्रिमरची अट. चेहऱ्याची मापे खाली, पण सहकारिणीच्या आग्रहाने ठळक अक्षरांत. मागच्या पानावर बांधायच्या तीन पद्धती आणि ड्रायर धरायचे चित्र. चित्रे तीच काढणार आहे. आकडा उलटवण्याचे चित्र एकात समजत नाही, दोन टप्प्यांत काढायला सांगितले.

थिनिंग झालेली मुलगी मे महिन्यात पुन्हा येणार आहे. तोवर ते आखूड केस दीड-दोन इंचांनी खाली आलेले असतील. तेव्हा मोजून लेअर कुठून घ्यायचा ते ठरवू.